न्यायमूर्ती रामशास्त्री प्रभुणे : कळणे आणि वळणे

माणसाला बरेवाईट कळत नाही असे क्वचितच घडते. कोणाचा बांध कोणी कोरला, कोणाची साक्ष खोटी, वाटणीत कोण नागवला गेला, हे गावातल्या लहान पोरालाही ठाऊक असते. अडते ते एवढ्यावरच, की हे चारचौघांत बोलायचे कोणी? म्हणूनच आपल्याकडे ‘कळते पण वळत नाही’ अशी म्हण पडली. कळणे हे बुद्धीचे काम आणि वळणे हे निश्चयाचे. या दोहोंची गाठ जन्मभर सुटू न देणारा एक पुरुष महाराष्ट्रात होऊन गेला. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्राचे स्मरण करू या.

रामशास्त्री हे साताऱ्याजवळील, कृष्णा-वेण्णेच्या संगमावरच्या क्षेत्र माहुलीचे. लहानपणीच पोरके झाल्यामुळे विद्या राहून गेली आणि साताऱ्यास एका सावकाराच्या घरी चाकरी धरावी लागली. सावकाराच्या पायांवर पाणी घालताना त्यांची नजर त्याच्या अंगावरील मोत्यांकडे गेली व त्यावरून त्यांना टाकून बोलणे ऐकावे लागले, अशी कथा सांगतात. तो शब्द त्यांच्या जिव्हारी लागला. अपमानाने कोणी सूडाला पेटतो, कोणी खचून जातो. रामशास्त्र्यांनी काशीची वाट धरली. बरोबरीची मुले शास्त्री होऊन परतण्याच्या वयात त्यांनी अध्ययनास आरंभ केला आणि बाळंभट्ट पायगुंडे यांच्यासारख्या विद्वानापाशी बसून धर्मशास्त्र आत्मसात केले. पुढे १७५१ साली ते पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून दाखल झाले आणि १७५९ साली मुख्य न्यायाधीश झाले.

एवढ्या मोठ्या अधिकाराच्या माणसाचे घर कसे असावे? घरात एका दिवसाला पुरेल त्याहून अधिक शिधा ठेवावयाचा नाही, हा त्यांचा नेम होता. श्रावणमासातील दक्षिणा वाटपाचीही एक गोष्ट प्रसिद्ध आहे. रांगेत त्यांचे सख्खे बंधू आले, तेव्हा नाना फडणीसांनी त्यांना काही अधिक देण्याचे सुचविले. शास्त्रीबुवांनी ते मानले नाही. बंधूंची विद्या सामान्य, म्हणून दक्षिणाही इतरांइतकीच. भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते आपण घरून देऊ, सरकारच्या पैशातून नव्हे, असा त्यांचा हिशेब होता.

धन्यालाही त्यांनी सोडले नाही. थोरले माधवराव पेशवे काही काळ जपजाप्यात फार वेळ घालवू लागले आणि राज्याची कामे खोळंबू लागली. रामशास्त्र्यांनी काशीस जाण्याची रजा मागितली आणि श्रीमंतांस स्पष्ट बजावले की ब्राह्मणकर्मच करावयाचे तर दोघांनीही गंगातीरी जाऊन बसावे. गादीवर बसून क्षात्रकर्म पत्करले असेल, तर प्रजेचे रक्षण हाच जप. तरुण पेशव्यांनी रागावण्याऐवजी आपला क्रम बदलला. चांगल्या कामाच्या आडूनही कर्तव्य चुकविता येते, हे ओळखणारी ही बुद्धी होती.

मग आला तो कसोटीचा प्रसंग. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, ऐन गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात गारद्यांनी अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून केला. सत्ता चुलते रघुनाथरावांच्या हाती गेली. सत्य पुष्कळांच्या मनात होते, ओठांवर कोणाच्याच येईना. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, पुरावा तपासला आणि ज्याच्या हाती सारे राज्य त्यालाच दोषी ठरविले. या पातकाला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही, असा निर्णय त्यांनी तोंडावर दिला. रघुनाथरावांचा अंमल असेतो पुण्यात पाय ठेवावयाचा नाही असे ठरवून त्यांनी पद सोडले आणि ते वाईजवळच्या खेड्यात जाऊन राहिले.

आपण म्हणतो, केवढे हे धैर्य! परंतु हे धैर्य त्या एका दिवशी आकाशातून पडले नाही. ज्याच्या घरी एका दिवसाचाच शिधा, त्याचे पद गेले तरी काय बुडणार? ज्याने भावाला झुकते माप दिले नाही, त्याला कोणत्या मिंधेपणाची भीती? १७७३ चा निकाल कित्येक वर्षे आधीपासून त्यांच्या स्वयंपाकघरात आणि दक्षिणेच्या रांगेत लिहिला जात होता. मनाला रोज लहानसहान मोहांना नाही म्हणण्याचे वळण लागले, तरच मोठ्या प्रसंगी ते मन आपले ऐकते. आयत्या वेळी निश्चय उसना मिळत नाही.

त्या निकालाची अंमलबजावणी झाली नाही, हेही लक्षात घ्यावे. रघुनाथरावांना देहदंड झाला नाही. १७८३ साली त्यांचा मृत्यू झाला. मग शास्त्रीबुवांचे बोलणे वाया गेले काय? फळ मिळणारच असेल तरच सत्य बोलावे, असा त्यांचा व्यवहार नव्हता. बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर १७७४ साली त्यांना मानाने परत आणले आणि १७८९ साली देह ठेवीपर्यंत त्यांनी न्यायदान केले. शिक्षा अमलात आली नाही, पण अन्यायाला न्याय म्हणण्याची पाळी मराठी राज्यावर आली नाही, ती या एका माणसामुळे.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपल्यावर पेशव्याचा निवाडा करण्याची वेळ येणार नाही. परंतु पंच म्हणून बसण्याची, साक्ष देण्याची, देवाच्या पैशाचा हिशेब लिहिण्याची वेळ आपल्यापैकी कोणावर ना कोणावर येतेच. त्या वेळी काय खरे हे आपल्याला कळलेले असतेच. देऊळ दगडचुन्याने नवे होते. देवापुढे खरे बोलण्याचे बळ मात्र ज्याचे त्यानेच रोज थोडे थोडे साठवावे लागते.

त्या निःस्पृह न्यायमूर्तीस त्रिवार वंदन!