विश्लेषण : सर्वांना दिसणारा संदेश गुप्त कसा राहिला? कोण होते क्लॉद शॅप?

विजेची तार येण्याच्या अर्धशतक आधी फ्रान्समध्ये मनोऱ्यांवरून संदेश धावत होते. ते कुणालाही दिसत, पण कळत मोजक्यांनाच. ही यंत्रणा उभारणाऱ्या क्लॉद शॅप यांच्याविषयी...

शॅप या कामाकडे कसे वळले?

शॅप यांचा जन्म १७६३ मध्ये ब्रुलों येथे झाला. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चकडून मिळणारे उत्पन्न बंद झाल्यावर त्यांनी भावांच्या मदतीने दूरसंदेशाचे प्रयोग सुरू केले. मार्च १७९१ मध्ये पहिली जाहीर चाचणी झाली. पॅरिसमध्ये मात्र संशयाने पेटलेल्या जमावाने त्यांची यंत्रे मोडून टाकली. भाऊ इग्नास विधिमंडळाचे सदस्य असल्याने सरकारदरबारी वाट मोकळी झाली. १७९४ मध्ये पॅरिस-लील हा पहिला मार्ग सुरू झाला आणि ऑगस्टअखेर कोंदे शहर परत जिंकल्याची वार्ता त्याच दिवशी राजधानीत पोहोचली.

यंत्रणा कशी चालायची?

मनोऱ्यावर एक आडवा दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन हात असत. त्यांच्या ९८ स्थिती होत. शेजारच्या मनोऱ्यावरचा कर्मचारी दुर्बिणीतून ती स्थिती पाहून तशीच पुढे दाखवी. धुके पडले किंवा रात्र झाली, की काम ठप्प.

गुपित कसे राखले जायचे?

सहा स्थिती यंत्रणेच्या कामासाठी राखीव होत्या. उरलेल्या ९२ मधून संकेतकोश तयार झाला. पहिली खूण पान सांगे, दुसरी त्या पानावरची ओळ. ९२ पाने, प्रत्येकावर ९२ नोंदी, म्हणजे ८,४६४ शब्द. कोश फक्त अधिकाऱ्यांकडे असे. मधल्या कर्मचाऱ्यांना आपण काय पाठवतो, याचा पत्ताही नसे.

शॅप यांचा शेवट कसा झाला?

कल्पना उसनी असल्याचे प्रतिस्पर्ध्यांचे आरोप त्यांच्या जिव्हारी लागले. आजारपण आणि नैराश्याने ते खचले. जानेवारी १८०५ मध्ये, वयाच्या ४१व्या वर्षी, त्यांनी पॅरिसमध्ये आयुष्य संपवले. यंत्रणा भावांनी पुढे चालवली आणि मनोऱ्यांची संख्या पाचशेवर गेली.

भगदाड कुठे पडले?

१८३४ ते १८३६ या काळात बोर्दोतील ब्लांक बंधूंनी तूर येथील कर्मचाऱ्याला लाच दिली. तो सरकारी संदेशात मुद्दाम एक चुकीची खूण घालून लगेच ती रद्द केल्याचा इशारा देई. अंतिम संदेशात चूक उरत नसे, पण बोर्दोजवळच्या साथीदाराला ती दिसे. त्यावरून पॅरिसच्या रोखेबाजाराचा कल टपालाच्या आधी कळे. कोश कुणीच फोडला नव्हता, फुटला होता माणूस. १८३७ मध्ये दूरसंदेशावर सरकारी मक्तेदारीचा कायदा झाला.

आज याचे महत्त्व काय?

आता संदेश ऑप्टिकल फायबरमधून प्रकाशरूपाने जातात. क्वांटम पद्धतीत चोरून पाहणाऱ्याचा माग भौतिकशास्त्र देते, तर मजकूर गणिती कुलपात राहतो. तरीही आजच्या लांब पल्ल्याच्या क्वांटम जाळ्यांत गुप्त किल्ल्या मधल्या केंद्रांवर उघड्या होतात. त्या केंद्रांवर विश्वास ठेवावाच लागतो. तूरच्या मनोऱ्यावर तुटला होता, तो नेमका हाच दुवा.