लुइजी किनेत्ती

वृक्ष फळभाराने लवला म्हणजे पांथस्थ त्याची वाखाणणी करितो. पण ज्या माळ्याने त्याचे रोप दूर देशी नेऊन लाविले व पाणी घालून जगविले, त्याची आठवण क्वचितच कोणास होते. फेरारी या इटालियन मोटारीचे नाव आज लहानथोरांच्या तोंडी आहे. तिचा जनक एन्झो फेरारी यासही सारे जग ओळखते. परंतु अमेरिकेच्या भूमीत हे रोप ज्यांनी लाविले, त्या लुइजी किनेत्ती यांचे चरित्र आम्ही आज आमच्या बालवाचकांपुढे व त्यांच्या पालकांपुढे थोडक्यात ठेवीत आहो.

किनेत्ती यांचा जन्म १९०१ साली उत्तर इटलीतील जेरागो या गावी झाला. त्यांचे वडील बंदुकांचे कारागीर होते. त्यामुळे लोखंड, कानस व बारीक माप यांची ओळख त्यांस लहानपणीच झाली. वयाच्या सोळाव्या वर्षी ते मिलान शहरी आल्फा रोमेओच्या कारखान्यात कामास लागले. पुढे इटलीत फॅसिस्ट पक्षाचा अंमल बसल्यावर त्यांनी पॅरिस गाठले, व तेथे त्याच कारखान्याच्या मोटारी विकणे, दुरुस्त करणे व शर्यतीत हाकणे असा त्रिविध उद्योग आरंभिला.

फ्रान्समधील ल मां या गावी सलग चोवीस तास चालणारी मोटारींची शर्यत होत असते. १९३२ साली किनेत्ती व रेमों सोमेर हे दोघे मिळून ती जिंकले. त्या वेळी किनेत्ती आजारी असल्यामुळे सोमेर याने एकट्याने वीस तासांहून अधिक काळ चक्र हाती धरिले होते. १९३४ साली किनेत्ती यांनी फिलिप एतांस्लां यासह ती शर्यत पुन्हा जिंकली. १९४० साली एका शर्यतीनिमित्त ते अमेरिकेस गेले. युरोपात महायुद्ध पेटलेले असल्यामुळे ते तेथेच राहिले, आणि न्यूयॉर्क शहरात लोकांच्या मोटारी दुरुस्त करून त्यांनी उदरनिर्वाह चालविला.

युद्ध संपल्यावर, १९४६ सालच्या अखेरीस, ते इटलीस जाऊन आपले जुने स्नेही एन्झो फेरारी यांस भेटले. फेरारी यांच्या कारखान्यात युद्धकाळी यंत्रे बनत असत. त्यांच्या नावाची पहिली मोटार अद्याप रस्त्यावर यावयाची होती. अमेरिकेत धनिक व रसिक गिऱ्हाइके आहेत, तेथे या मोटारी विकता येतील, असा भरवसा किनेत्ती यांनी त्यांस दिला. न बनलेल्या वस्तूची जबाबदारी शिरावर घेणे हे धाडसच होय!

ही जबाबदारी त्यांनी कशी पार पाडिली पाहा. १९४९ साली युद्धानंतरची पहिली ल मां शर्यत झाली. किनेत्ती तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. चोवीस तासांपैकी बावीस तासांहून अधिक काळ त्यांनी स्वतः मोटार हाकिली व फेरारीस तेथील पहिला विजय मिळवून दिला. सतरा वर्षांपूर्वी सोबत्याने त्यांचा भार वाहिला होता. या वेळी त्यांनी सोबत्याचा वाहिला. १९५१ साली पिएरो तारूफी यासह त्यांनी मेक्सिकोतील दूरवरची शर्यतही जिंकली. आपण विकतो ती वस्तू कसोटीस उतरते, हे त्यांनी जाहिरातीने नव्हे, स्वतःच्या श्रमाने दाखविले.

पुढे अमेरिकेतील कनेक्टिकट प्रांतात ग्रीनिच येथे त्यांची पेढी नावारूपास आली. ‘नॉर्थ अमेरिकन रेसिंग टीम’ या नावाचा संघही त्यांनी उभारिला. १९६५ साली ल मां येथे खुद्द कारखान्याच्या मोटारी मागे पडल्या, तेव्हा याच संघाच्या मोटारीने फेरारीची लाज राखिली. त्यानंतर फेरारीस तेथील अग्रमान पुन्हा मिळण्यास २०२३ साल उजाडावे लागले.

आता एका दुर्मिळ मोटारीची हकीकत सांगितली पाहिजे. फेरारीची ‘२७५ जीटीबी/४’ ही बारा सिलिंडरांची मोटार फार वेगवान; पण तिचे छप्पर बंद असे. अमेरिकन गिऱ्हाइकांस उघड्या मोटारीची आवड आहे, हे जाणून किनेत्ती यांनी तिचा उघडा प्रकार मागविला. मोदेना येथील सेर्जो स्काल्येत्ती यांच्या कारागिरांनी तो घडविला. पहिलीच मोटार १९६७ साली फ्लोरिडातील सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत डेनिझ मॅक्लगेज व पिंकी रोलो या दोन स्त्रियांनी हाकिली व सतरावा क्रमांक मिळविला. पंचवीस मोटारी करण्याचा संकल्प होता. परंतु गिऱ्हाइके पुरेशी मिळेनात, आणि दहा होताच काम थांबले. व्यापाराच्या दृष्टीने हा बेत फसला असेच त्या वेळी कोणीही म्हटले असते.

किनेत्ती १९९४ साली, त्र्याण्णव वर्षांचे होऊन, ग्रीनिच येथे निवर्तले. पुढे २०१३ साली त्या दहांपैकी एक मोटार लिलावात २ कोटी ७५ लाख डॉलरांस विकली गेली. ती पहिल्या मालकाच्या घरीच जतन केलेली होती, आणि त्या कुटुंबाने विक्रीचे उत्पन्न धर्मादायास दिले.

या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे? मोटार घेण्याचे ऐश्वर्य सर्वांच्या नशिबी नसते, व त्याचा हव्यास धरावा असेही आम्हांस वाटत नाही. परंतु दुसऱ्याच्या वस्तूची ग्वाही देण्यापूर्वी ती स्वतः पारखावी, आणि एकदा शब्द दिल्यावर रात्रभर जागूनही तो पाळावा, हे तर गरिबासही साध्य आहे. चांगल्या कामाचे मोल बाजारास कधी कधी फार उशिरा कळते. म्हणून काम चांगले करण्याचे मात्र सोडू नये.