कॅफीन बनवणाऱ्या शास्त्रज्ञानेच झोपेची गोळी दिली! कोण होते एमिल फिशर?

रात्री उशिरा कॉफी घेतली की झोप उडते, ती कॅफीनमुळे. हे कॅफीन प्रयोगशाळेत तयार करून दाखवणारा आणि पुढे जगाला झोपेचं गाजलेलं औषध देणारा शास्त्रज्ञ एकच होता. नाव एमिल फिशर.

धंद्यात मन रमलं नाही

फिशर यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८५२ रोजी जर्मनीतल्या ऑयस्किर्शन गावी झाला. वडील मोठे व्यापारी. मुलाने घरचा धंदा सांभाळावा, अशी त्यांची इच्छा होती. पण थोड्याच दिवसांत हा मुलगा धंद्याच्या कामाचा नाही, त्याने शिकलेलंच बरं, असं त्यांचं मत झालं.

फिशर रसायनशास्त्राकडे वळले. १८७५ मध्ये त्यांनी फेनिलहायड्राझिन हा पदार्थ शोधला. साखरेची रचना उलगडायला त्याची फार मदत झाली, पण त्याच्या विषारी परिणामांनी त्यांच्या तब्येतीचीही वाट लावली. १८९५ मध्ये त्यांनी कॅफीन तयार केलं. त्याच वर्षी पत्नी अ‍ॅग्नेस यांचं निधन झालं. लग्नाला जेमतेम सात वर्षं झाली होती आणि पदरात तीन मुलं होती.

साखर आणि प्युरिन या दोन गटांतल्या पदार्थांवरच्या कामासाठी १९०२ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

झोपेची गोळी कशी सापडली?

तेव्हा निद्रानाशावर क्लोरल हायड्रेट आणि ब्रोमाइड दिली जायची. ब्रोमाइडची चव इतकी वाईट की औषध घेणं हीच शिक्षा.

योसेफ फॉन मेरिंग या डॉक्टरांनी एक गोष्ट हेरली. झोप आणणाऱ्या काही औषधांच्या रेणूत एकाच कार्बनला दोन इथाइल गट जोडलेले होते. मग अशी रचना असलेले नवे पदार्थ बनवले तर? बनवायला फिशर यांच्यासारखा हात हवा होता. दोघांनी मिळून एकामागून एक पदार्थ तपासले. त्यातला बार्बिटाल कुत्र्यांना दिल्यावर ते गाढ झोपले.

१९०३ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. पुढच्याच वर्षी बायर कंपनीने बार्बिटाल 'व्हेरोनाल' नावाने बाजारात आणलं. हे नाव इटलीतल्या व्हेरोना शहरावरून पडलं, असं सांगतात.

मग गडबड कुठे झाली?

व्हेरोनाल थोडं कडवट होतं, पण आधीच्या औषधांपेक्षा कितीतरी सुसह्य. झोपेसाठी लागणारा डोस आणि विषारी डोस यांत अंतरही बरंच होतं. त्यामुळे ते झपाट्याने पसरलं.

खरा त्रास रोज गोळी घेणाऱ्यांना झाला. शरीराला तिची सवय व्हायची, तेवढ्याच डोसने झोप येईनाशी व्हायची आणि माणूस डोस वाढवत जायचा. औषध शरीरातून हळूहळू बाहेर पडायचं, म्हणून दुसऱ्या दिवशीही गुंगी राहायची. जास्त डोसमुळे मृत्यू होऊ लागले. नव्या औषधाची बनावट गोळीशी तुलना करायची, रुग्णांवर दीर्घकाळ लक्ष ठेवायचं, ही पद्धत तेव्हा रूढ नव्हती. त्यामुळे धोके कळले ते औषध घरोघरी पोहोचल्यावर.

पहिल्या महायुद्धाच्या काळात फिशर यांची दोन मुलं गेली. १५ जुलै १९१९ रोजी बर्लिनमध्ये, वयाच्या ६६व्या वर्षी त्यांचं निधन झालं. तिसरा मुलगा हरमान पुढे नावाजलेला जीवरसायनशास्त्रज्ञ झाला.

आज काय बदललंय?

१९६० च्या दशकापासून बेन्झोडायझेपिन गटातल्या औषधांनी बार्बिट्युरेट्सची जागा घ्यायला सुरुवात केली. त्या कुळातलं फेनोबार्बिटाल मात्र अजूनही फिट्सवर वापरलं जातं.

नवं झोपेचं औषध आलं की आता बरंच काही तपासलं जातं. झोप किती लवकर लागते, किती वेळ टिकते, सकाळी गाडी चालवता येईल का, सवय लागते का, गोळी बंद केल्यावर काय होतं? मान्यता मिळाल्यावरही तपासणी थांबत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने झोल्पिडेम या गोळीचा महिलांसाठीचा डोस निम्मा करायला लावला. कारण सकाळीही ती रक्तात इतकी उरत होती की गाडी चालवणं धोक्याचं ठरावं.

म्हणूनच झोपेची गोळी डॉक्टरांनी सांगितली तरच, सांगितली तेवढीच आणि सांगितले तितकेच दिवस घ्यायची. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आपण घेणं तर मुळीच नको.