लायडेनची बुधवार संध्याकाळ आणि पॉल एहरेनफेस्ट

नवी दिल्ली, १८ जानेवारी : नेदरलँड्समधील लायडेन विद्यापीठात दर बुधवारी संध्याकाळी सैद्धांतिक भौतिकशास्त्राचे चर्चासत्र भरत असे. निमंत्रणावाचून तेथे प्रवेश नसे आणि एकदा निमंत्रण मिळाले, की दर आठवड्याला हजर राहणे बंधनकारक मानले जाई. वक्ता जगविख्यात असो वा विद्यार्थी, यजमान प्राध्यापक त्याला मध्येच अडवीत आणि आपल्याला हे समजले नाही, असे सर्वांसमक्ष सांगत. हे प्राध्यापक म्हणजे पॉल एहरेनफेस्ट. त्यांचा जन्म १८ जानेवारी १८८० रोजी व्हिएन्ना येथे झाला.

वडिलांचे किराणा मालाचे दुकान होते. वयाची सतरा वर्षे पूर्ण होण्याआधीच आई-वडिलांचे छत्र हरपले. व्हिएन्ना विद्यापीठात लुडविग बोल्ट्झमन यांच्या व्याख्यानांनी त्यांना सैद्धांतिक भौतिकशास्त्राकडे वळवले आणि १९०४ मध्ये त्यांच्याच मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. त्याआधी काही काळ ते गणिताची पंढरी असलेल्या ग्योटिंगेनला होते. तेथे कीव्हमध्ये जन्मलेल्या तात्याना अफानास्येवा या गणिताच्या विद्यार्थिनीशी त्यांची ओळख झाली. ती गणित मंडळाच्या बैठकांना दिसत नाही, याचे एहरेनफेस्ट यांना नवल वाटे. स्त्रियांना तेथे मज्जाव असल्याचे कळताच त्यांनी वाद घातला आणि तो नियम बदलायला लावला.

पुढे दोघांनी विवाहाचा निर्णय घेतला, तेव्हा कायदा आडवा आला. एहरेनफेस्ट ज्यू, तात्याना ख्रिस्ती; ऑस्ट्रियात अशा विवाहाला परवानगी नव्हती. दोघांनीही आपण कोणत्याच धर्माचे नाही, असे जाहीर केले आणि १९०४ च्या डिसेंबरमध्ये त्यांचा विवाह झाला. या घोषणेची किंमत मात्र त्यांना पुढे अनेक वर्षे मोजावी लागली. १९०७ मध्ये हे दांपत्य सेंट पीटर्सबर्गला गेले. तेथे कायमची नोकरी मिळाली नाही. मग एहरेनफेस्ट यांनी घरातच चर्चासत्र सुरू केले. तेथे येणाऱ्या तरुणांमध्ये अलेक्झांडर फ्रीडमन हा गणितज्ञही होता. विश्व प्रसरण पावत असू शकते, हे १९२२ मध्ये समीकरणांतून दाखवणारा तो हाच. याच काळात पती-पत्नींनी मिळून सांख्यिकी यामिकीच्या पायाभूत प्रश्नांवर ज्ञानकोशासाठी दीर्घ लेख लिहिला. तो आजही अभ्यासला जातो.

१९१२ मध्ये प्रागमधील आपल्या जागी एहरेनफेस्ट यावेत, अशी आल्बर्ट आइन्स्टाइन यांची इच्छा होती. त्यासाठी कागदोपत्री एखादा धर्म लिहून देणे पुरेसे होते. बेकार असलेल्या एहरेनफेस्ट यांनी तेवढेही केले नाही. सुदैवाने त्याच वर्षी लायडेनहून हेंड्रिक लोरेंट्झ यांनी आपल्या अध्यासनासाठी त्यांची निवड केली.

लायडेनमध्ये त्यांच्यातील शिक्षक खऱ्या अर्थाने बहरला. सूत्रांच्या जंजाळात न शिरता मूळ अडचण कोठे आहे, यावर बोट ठेवण्याची त्यांची हातोटी विलक्षण होती. चर्चासत्राला आलेले पाहुणे भिंतीवर स्वाक्षरी करीत; आइन्स्टाइन, बोर, डिरॅक यांची नावे त्या भिंतीवर आहेत. तात्याना यांनी स्वतः आराखडा केलेले घरही पाहुण्यांनी गजबजलेले असे, मात्र तेथे मद्य आणि धूम्रपानाला सक्त मनाई होती! १९२४ मध्ये इटलीहून आलेला एन्रिको फेर्मी आधीच्या ग्योटिंगेन मुक्कामात आत्मविश्वास गमावून बसला होता. एहरेनफेस्ट यांच्या शाबासकीने तो सावरला. क्रामर्स, काझिमिर आणि पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे यान टिनबर्गन हे त्यांचेच विद्यार्थी.

१९२५ ची घटना तर सर्वश्रुत आहे. जॉर्ज उलेनबेक आणि सॅम्युएल गाउडस्मिट या दोन तरुणांनी इलेक्ट्रॉनला स्वतःची फिरकी असावी, अशी कल्पना मांडली. एहरेनफेस्ट यांनी त्यांच्याकडून छोटे टिपण लिहून घेतले आणि लोरेंट्झ यांचा सल्ला घेण्यास सांगितले. अशा इलेक्ट्रॉनच्या पृष्ठभागाचा वेग प्रकाशाहून अधिक ठरेल, असे लोरेंट्झ यांच्या गणितातून निघाले. घाबरलेले दोघे टिपण मागे घेण्यासाठी धावले, तर ते केव्हाच प्रकाशनासाठी रवाना झाले होते. तुम्ही तरुण आहात, एखादा मूर्खपणा तुम्हाला परवडेल, असे सांगून गुरूंनी त्यांची समजूत घातली. कल्पना बरोबर निघाली. हीच कल्पना काही महिने आधी राल्फ क्रोनिग यांना सुचली होती. पण वोल्फगांग पाउली यांनी ती उडवून लावल्याने त्यांनी ती छापलीच नाही. गुरू कोण भेटतो, यावर किती अवलंबून असते!

इतरांना धीर देणाऱ्या या माणसाचा स्वतःवर मात्र विश्वास नव्हता. नवे पुंज यामिकी झपाट्याने अमूर्त गणिताकडे झुकले, तसे आपण मागे पडत आहोत, ही भावना त्यांना पोखरू लागली. स्पिनर हा शब्द त्यांचाच; तो विषय समजेल अशा भाषेत मांडावा, म्हणून गणितज्ञ व्हान डेर वार्डेन यांना त्यांनीच लिहिते केले. १९३२ मध्ये त्यांनी एका शोधपत्रिकेत चक्क प्रश्नांचाच लेख प्रसिद्ध केला. श्रोडिंगर समीकरणात काल्पनिक संख्या कशासाठी, असे ते मूलभूत प्रश्न होते. असे काही विचारणे बालिश समजले जाईल, याची त्यांना धास्ती होती. पाउली यांनी मात्र पुढच्याच वर्षी त्याच शीर्षकाचा लेख लिहून गांभीर्याने उत्तरे दिली.

तोवर नैराश्य बळावले होते. जर्मनीत हिटलर सत्तेवर आल्यानंतर तेथील ज्यू शास्त्रज्ञांना बाहेर काढण्यासाठी ते धडपडत होते. घरात डाउन सिंड्रोम असलेल्या धाकट्या मुलाची चिंता होती. २५ सप्टेंबर १९३३ रोजी ॲमस्टरडॅममध्ये त्यांनी त्या मुलावर गोळी झाडली आणि नंतर स्वतःचे जीवन संपवले. त्या मुलाचा, वासिकचा, या निर्णयात काहीच वाटा नव्हता. एहरेनफेस्ट यांच्या थोरवीचे वर्णन करताना अनेकदा त्याचा उल्लेख ओझरता राहतो. स्वतःविषयीची न्यूनगंडाची भावना आणि पन्नाशीनंतर नवे विचार आत्मसात करण्याची ओढाताण यांनी आपल्या मित्राला ग्रासले होते, असे आइन्स्टाइन यांनी मृत्युलेखात नमूद केले.

लायडेनचे अध्यासन १९३४ मध्ये क्रामर्स यांच्याकडे आले. तात्याना लायडेनमध्येच राहिल्या आणि गणिताच्या अध्यापनावर काम करीत राहिल्या; १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची थोरली मुलगी, तिचेही नाव तात्यानाच, गणितज्ञ झाली. एहरेनफेस्ट यांच्या नावाने ओळखले जाणारे चर्चासत्र लायडेनमध्ये आजही बुधवारी संध्याकाळीच भरते.