जॉन चार्नली

सर जॉन चार्नली (२९ ऑगस्ट १९११ – ५ ऑगस्ट १९८२) हे ब्रिटिश अस्थिशल्यविशारद होते. खुब्याचा झिजलेला सांधा काढून त्या जागी कृत्रिम सांधा बसवण्याची आधुनिक शस्त्रक्रिया त्यांनी विकसित केली.

जन्म आणि शिक्षण

चार्नली यांचा जन्म इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात बरी या गावी झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते, तर आई परिचारिका होती. मँचेस्टर येथील विद्यापीठातून त्यांनी १९३५ साली वैद्यकीय पदवी घेतली. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्याच्या वैद्यकीय दलात होते. डंकर्कच्या माघारीत त्यांनी काम केले व पुढे इजिप्तमध्ये सेवा बजावली. युद्धानंतर ते मँचेस्टरला परतले. अस्थिभंगाच्या उपचारांवरील त्यांचा ग्रंथ १९५० साली प्रसिद्ध झाला आणि जगभर अभ्यासला गेला. गुडघ्याची हाडे दाबून धरून ती एकसंध जोडण्याची त्यांची पद्धतही याच काळातील होय.

सांध्याच्या घर्षणाचा अभ्यास

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा आहे. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीसारख्या खोबणीत फिरतो. दोन्ही पृष्ठभागांवर गुळगुळीत कूर्चेचे आवरण असते. संधिवातात किंवा वार्धक्यात ही कूर्चा झिजते. मग हाडावर हाड घासून तीव्र वेदना होतात आणि चालणे अशक्य होते.

त्या काळी काही शल्यविशारद मांडीच्या हाडाचा माथा काढून तेथे अॅक्रिलिकचा माथा बसवत असत. अशा एका रुग्णाचा सांधा हालचाल करताना करकरत असे. ही करकर चार्नली यांच्या जिज्ञासेला कारण ठरली. प्रयोगांती त्यांनी असा निष्कर्ष काढला की, निरोगी सांध्याचा निसरडेपणा कूर्चेच्या अंगच्या गुणामुळे असतो. शरीरातील संधिद्रव कृत्रिम पदार्थाला तसे वंगण पुरवू शकत नाही. म्हणून मुळातच अत्यल्प घर्षण असलेला पदार्थ शोधणे आवश्यक होते.

टेफ्लॉनचे अपयश

१९५० च्या दशकाच्या अखेरीस चार्नली यांनी खोबणीसाठी टेफ्लॉन निवडले. रुग्णांच्या वेदना थांबल्या, ते चालू लागले आणि शस्त्रक्रिया यशस्वी वाटली. परंतु थोड्याच वर्षांत टेफ्लॉन झिजू लागले. त्याच्या सूक्ष्म कणांमुळे भोवतालच्या ऊतींना सूज येऊन सांधे सैल झाले. सुमारे ३०० रुग्णांवर ही शस्त्रक्रिया झालेली होती आणि त्यांतील अनेकांवर ती पुन्हा करावी लागली. कणांचा परिणाम तपासण्यासाठी चार्नली यांनी स्वतःच्याच मांडीत टेफ्लॉन टोचून घेतले होते. अपयश त्यांनी लपवले नाही. मात्र त्याचा सल त्यांना दीर्घकाळ राहिला.

पॉलिइथिलीनचा शोध

१९६२ साली एका विक्रेत्याने अतिघन पॉलिइथिलीनचा नमुना आणून दिला. चार्नली यांना तो उपयोगी वाटला नाही. तरीही त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी चार्नली परदेशी गेले असताना तो झीज मोजणाऱ्या यंत्रावर लावला. तीन आठवड्यांत त्याची झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षाही कमी भरली. परतल्यावर चार्नली यांनी आपले मत बदलले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरपासून या पदार्थाच्या खोबणी बसवण्यास प्रारंभ केला.

त्यांच्या रचनेची तीन प्रमुख अंगे होती:

* पॉलिइथिलीनची खोबण व पोलादी माथा.
* नैसर्गिक माथ्याच्या निम्म्याहून लहान, सुमारे २२ मिलिमीटर व्यासाचा माथा. त्रिज्या कमी असल्याने घर्षणातून निर्माण होणारा पीळ कमी होतो व खोबण सैल होण्याचा धोका घटतो.
* दोन्ही भाग हाडात घट्ट बसवण्यासाठी दंतवैद्यकात वापरले जाणारे अॅक्रिलिक सिमेंट.

राइटिंग्टन येथील कार्य

विगनजवळील राइटिंग्टन रुग्णालय हे पूर्वी क्षयरुग्णांसाठी होते. तेथे चार्नली यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियेचे केंद्र उभारले. जंतुसंसर्ग झाल्यास कृत्रिम सांधा बहुधा काढूनच टाकावा लागे. म्हणून त्यांनी गाळलेल्या हवेचा बंदिस्त कक्ष आणि शल्यविशारदाचा उच्छ्वास बाहेर वाहून नेणारा पोशाख तयार केला. अशा उपायांमुळे संसर्गाचे प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आले. टेफ्लॉनच्या अनुभवाने सावध झाल्यामुळे त्यांनी नवा सांधा अनेक वर्षे सर्वत्र विक्रीस खुला केला नाही. मृत्यूनंतर आपला सांधा अभ्यासासाठी परत मिळावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत आणि अनेक रुग्ण ती मान्य करीत.

सन्मान आणि वारसा

चार्नली यांना १९७४ साली लास्कर पुरस्कार मिळाला. १९७५ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले आणि १९७७ साली त्यांना 'सर' हा किताब देण्यात आला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांचे निधन झाले. सांध्यांचे पदार्थ व आकार पुढे बदलले, तरी कमी घर्षण, कमी झीज आणि निर्जंतुक शस्त्रक्रियागृह ही त्यांची सूत्रे आजही या शस्त्रक्रियेचा पाया मानली जातात.