थॉमस : एक नाव आणि ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

कळंबा म्हटले की कोल्हापूरकरांस तलावाच्या बरोबरीने मध्यवर्ती कारागृहही आठवते. बंदिवासाशी वारंवार नाते जडलेले एक नाव आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या ठेवले जाते. ते नाव थॉमस.

हा शब्द मूळचा अरामी असून त्याचा अर्थ जुळा. योहानकृत शुभवर्तमानात प्रेषित थोमाला दिदुम असेही म्हटले आहे. तो त्याच अर्थाचा ग्रीक शब्द होय. त्याचे जुळे भावंड कोण, हे शुभवर्तमान सांगत नाही. पुढे अक्विनोच्या संत थॉमस यांनी डॉमिनिकन संघात जाऊ नये म्हणून घरच्यांनीच त्यांना वर्षभर कोंडून ठेवले. संत थॉमस मूर लंडनच्या टॉवरमध्ये बंदी होते; १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. परंतु मराठी भाविकांस या नावाचे सर्वांत जवळचे मानकरी फादर थॉमस स्टीफन्स, असे आम्हांस वाटते.

१५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात त्यांचा जन्म झाला. कॅथलिक श्रद्धा तेथे उघडपणे आचरणे तेव्हा धोक्याचे होऊ लागले होते. थॉमस पाउंड या श्रीमंत मित्राचा नोकर असल्याचे सोंग घेऊन ते त्याच्यासह हिंडले. रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करावा, असा दोघांचा बेत होता. पाउंड मात्र पकडले गेले आणि त्यांची सुमारे ३० वर्षे निरनिराळ्या तुरुंगांत गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले व १५७५ मध्ये संघात दाखल झाले. पण मित्रास विसरले नाहीत. त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि १५७८ मध्ये पाउंड यांना कोठडीत असतानाच संघात प्रवेश देण्यात आला. नावाने जुळे असलेले हे दोन मित्र पुढे एका पृथ्वीच्या दोन टोकांस राहिले.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघून स्टीफन्स २४ ऑक्टोबरला गोव्यास उतरले. १५८३ मध्ये राल्फ फिच आदी इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगीजांनी गोव्यात कैद केले, तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी शब्द टाकणाऱ्यांत तेही होते. स्वदेशी याच राजसत्तेने त्यांच्या मित्रास बेड्या घातल्या होत्या, तरी त्या देशाच्या माणसांना त्यांनी परके मानले नाही.

त्यानंतरचे आयुष्य साष्टीत गेले. कोंकणीचे व्याकरण त्यांनी रचले; ते त्यांच्या पश्चात १६४० मध्ये छापले गेले. नवख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे गेली होती, त्यांना वाचावयास काही हवे होते. त्यांच्यासाठी या इंग्रजाने सुमारे ११ हजार मराठी ओव्या रचल्या! १६१६ मध्ये रायतूर येथे ख्रिस्तपुराण छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे उपलब्ध नव्हते. १६१९ मध्ये ते गोव्यातच निवर्तले.

१६१६, १६४९ व १६५४ या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला गेला, पण तोही रोमन लिपीत. आपल्या लिपीत तो पुण्याहून १९५६ मध्ये आला, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली.