विश्लेषण : हनुमानाला पडद्यावर उडवणारे दादासाहेब फाळके कोण होते? पुराणकथांची जादू शंभर वर्षांनंतरही का टिकून?

गडचिरोली : दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या झाडीपट्टीत गावोगावी निघतात. या पट्ट्यातली दंडार तर त्याहून जुनी, आणि तिच्यात बायकांची सोंगे पुरुषच घेत आले आहेत. १९१२ मध्ये मुंबईत दादासाहेब फाळके यांच्यापुढेही हाच प्रश्न होता. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले.

फाळके सिनेमाकडे कसे वळले?

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरला झाला. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आणि बडोद्याचे कलाभवन येथे शिक्षण, गोध्र्यात फोटो स्टुडिओ, तिथेच प्लेगच्या काळात पहिली पत्नी आणि मूल गमावले. पुढे छापखाना काढला, भागीदारांशी बिनसले. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला आणि राम-कृष्णही असेच पडद्यावर आणायचे ठरवले. तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. तरी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन परतले.

जादू नेमकी कशी व्हायची?

आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोज थोडे थोडे चित्रण केले. पडद्यावर बी क्षणात वेल झाले आणि भांडवलदाराची खात्री पटली. पुढची करामतही कॅमेऱ्यातच होती. चित्रण थांबवायचे, पात्र आणून उभे करायचे, पुन्हा सुरू करायचे. पाहणाऱ्याला देव प्रकट झाल्यासारखा वाटतो. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण केले की दोन वेगळी दृश्ये एकत्र दिसतात. संगणक नाही, सगळा हिशेब हाताने हँडल फिरवत. फिल्म धुण्यापासून कलाकारांच्या स्वयंपाकापर्यंतचा भार पत्नी सरस्वतीबाईंवर होता. त्यांचे श्रेय आजही कमीच सांगितले जाते.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लागला. १९१७ च्या ‘लंका दहन’मध्ये साळुंके राम झाले आणि सीताही! प्रेक्षकांना कथा पाठ होती. पुढे काय होणार, ही उत्सुकता नव्हतीच. कीर्तनात ऐकलेला हनुमान खरोखर उडताना कसा दिसतो, हे पाहायला गर्दी व्हायची. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा आणि २०२० च्या टाळेबंदीत ते पुन्हा दाखवले तेव्हाही घरोघरी तेच घडले.

मग फाळके मागे का पडले?

१९३१ मध्ये बोलपट आला आणि मूकपटाची बाजारपेठ आटली. फाळक्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ कोल्हापुरात तयार झाला, १९३७ मध्ये. तोच शेवटचा ठरला. पौराणिक चित्रपट चालत राहिले, ते इतरांचे. फाळके नाशिकला ओढगस्तीत राहिले आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाचा पुरस्कार केंद्र सरकारने सुरू केला तो २५ वर्षांनी, १९६९ मध्ये. त्यांचे बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. ‘कालिया मर्दन’ मात्र बऱ्याच अंशी टिकला आहे. त्यातला बाळकृष्ण म्हणजे फाळक्यांची मुलगी मंदाकिनी.